कोण कुठपर्यंत

माहेरचा वाडा आम्हा बहिणींना अजून तोंडपाठ आहे. सख्ख्या, चुलत, आतेबहिणी धरून आम्ही आठजणी. कुणी पुण्यात, कुणी ठाण्यात, एक बडोद्याला. धाकटीने साठी ओलांडली, थोरली ऐंशीला टेकली. गावच्या जत्रेला जमलो की रात्री सोप्यात अंथरुणं पडतात, आणि बोलता बोलता प्रत्येक जण जुन्या वाड्यातून एक फेरी मारून येते. साताऱ्याकडच्या बऱ्या स्थितीतल्या मराठा घरांची असते तशीच त्याची मांडणी. दिंडीदरवाजा, त्याला लागून ढेलज, मग अंगण, चार दगडी पायऱ्या, ओटा, सोपा, सोप्याच्या आत माजघर, भिंतीतलं बळद, एका अंगाला देवघर, आत स्वयंपाकघर, मागे पडवी, परडं आणि गोठा.

आठवणी सुखाच्या आहेत, त्यात खोटं काही नाही. माळ्यावरच्या आंब्यांच्या अढीचा वास मे महिनाभर अंगाला चिकटलेला असायचा. थंडीत आजी कुळथाचं माडगं करायची, ते वाटीत घेऊन आम्ही वैलापाशी दाटीवाटीने बसायचो. सुगीत खळ्यावर झोपायला मिळावं म्हणून भांडणं व्हायची. एकाच सोप्यात पंधरा-वीस पोरं ओळीने निजायची आणि कुणाचं पांघरूण कुणाच्या अंगावर आहे, हे सकाळी कळायचं.

बडोद्याची बहीण कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. काही वर्षांपूर्वी अशाच एका जत्रेच्या रात्री तिने विचारलं, ‘‘वाड्यात कोण कुठपर्यंत यायचं, आठवतंय का गं?’’ त्या रात्री कुणी झोपलं नाही. आंब्यांच्या अढीइतकंच तेही आम्हाला लख्ख आठवत होतं. फक्त कधी कुणी विचारलं नव्हतं.

महारवाड्यातला येसकर दिंडीच्या आत पाऊल टाकत नसे, हे थोरलीने पाहिलेलं. संध्याकाळी तो बाहेर उभा राहून भाकरीसाठी हाक द्यायचा आणि आजी त्याच्या पसरलेल्या घोंगड्यात वरून भाकरी सोडायची. हाताला हात लागू नये एवढं अंतर तिला अंधारातही बरोबर साधायचं. चांभार नव्या वहाणा ओट्याच्या खाली ठेवायचा, पैसे जमिनीवर ठेवले की मगच उचलायचा. सुतार आणि लोहार ओट्यावर टेकायचे, त्यांना चहा मिळायचा. न्हावी सोप्याच्या कडेपर्यंत यायचा. कुंभारीण परड्यातून शिरून थेट मागच्या पडवीत माठ उतरवायची आणि आजीशी तासभर बोलत बसायची. कासाराला मात्र माजघर मोकळं होतं. घरच्या बायका गोषात, तेव्हा बांगड्या भरायला त्यालाच आत यावं लागे. आमच्या आया-काकूंचे हात हातात घेणारा तो एकमेव परका पुरुष. भटजी देवघरापर्यंत. पण ते आमच्या चुलीवरचं शिजलेलं खात नसत. पूजा झाली की परातीत शिधा काढून ठेवायचा. तांदूळ, तुरीची डाळ, गूळ, तूप. तो शिधा ते बांधून न्यायचे आणि आपल्या घरी शिजवायचे. म्हणजे आमच्या उंबऱ्यावर आम्ही ज्यांना अडवत होतो तसंच आम्हालाही कुणीतरी एका पायरीवर अडवलेलं होतं. घरात त्याबद्दल कधी कुणी ब्र काढल्याचं आठवत नाही.

यातली केरसुणीची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दिवाळीच्या आधी मांगवाड्यातली एक बाई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या घेऊन यायची. पानं बारीक चिरून, झोडून मऊ केलेली, मुठीपाशी इतकी घट्ट बांधलेली की वर्षभर एक काडी सुटत नसे. ती केरसुण्या दिंडीबाहेर ठेवायची. आजी त्यांच्यावर पाणी शिंपडायची आणि मग आत घ्यायची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यातलीच एक केरसुणी पाटावर मांडली जायची, तिला हळदीकुंकू, फुलं, अक्षता. तीच घरची लक्ष्मी. आम्ही सगळ्या ओळीने तिच्यापुढे डोकं टेकायचो. जिने ती बांधली तिला मात्र अंगणातही येता येत नव्हतं.

गोठ्याच्या भिंतीत एक दिवळी होती. तिच्यात कान तुटलेला एक कप आणि जर्मनचं एक भगुणं पालथं घातलेलं असायचं. भांगलणीला, खुरपणीला येणाऱ्या बायकांचा चहा त्यातून. प्यायल्यावर जिने तिने विसळून तो पुन्हा दिवळीत ठेवायचा. सालगड्याची गोष्ट वेगळी. तो जातीने आमचाच, माण तालुक्यातल्या दुष्काळी गावचा. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो, जत्रेत त्याच्या खांद्यावर बसायचो. तो सोप्यात जेवायचा, पण घरच्या सगळ्या पुरुषांची पंगत उठल्यावर, आणि त्याचं ताट पितळी नसायचं. जातीने जवळचा आणि जमिनीने दूरचा, असं त्याचं स्थान. बहीण म्हणाली, मॅक्स वेबरने हेच सांगितलं होतं, माणसाचा पैसा आणि त्याची पत या दोन निराळ्या शिड्या आहेत, एकीवर वर असलेला दुसरीवर खाली असू शकतो. मला तेव्हा वेबर फारसा कळला नाही. मामाचं ताट मात्र लगेच डोळ्यांपुढे आलं.

सुगीच्या दिवसांत या सगळ्याला उत्सवाचं रूप यायचं. तिवड्याभोवती बैल फिरायचे, उपणणीला वारा लागायचा, आणि रास पडली की बलुतेदार गोळा व्हायचे. गावकामाच्या महत्त्वाप्रमाणे त्यांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी, आणि ओळीप्रमाणे धान्याचं माप. आजोबा राशीवर बसून वाटायचे. हात सैल असायचा, कुणी रिकाम्या हाताने गेला नाही, असं घरात अभिमानाने सांगितलं जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात या व्यवस्थेची सगळी खडान्‌खडा नोंद आहे. ते महसूल खात्यातले, गावं पायाखाली घातलेले. आम्ही बहिणींनी ते पुस्तक फार उशिरा वाचलं आणि वाचताना सारखं आमचं खळंच दिसत राहिलं. खळ्यावर बसून एक गोष्ट कधी लक्षात यायची नाही. वर्षभराच्या कामाचा दर कुठेच ठरलेला नव्हता. पाऊस चांगला झाला तर माप भरून, नाही झाला तर हात आखडता. काम मात्र पावसावर अवलंबून नव्हतं. आजोबांचा हात सैल होता हे खरं, आणि तो सैल करायचा की आवळायचा हे एकट्या आजोबांच्या मनावर होतं, हेही तितकंच खरं.

येसकराची हाक एका वर्षी बंद झाली. थोरलीला ते साल बरोबर आठवतं, कारण तेव्हा ती नुकती शाळेत रुळली होती आणि घरात रोज त्याचीच चर्चा होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर आमच्या गावच्या महारवाड्याने मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं, भाकरी मागायचं नाकारलं. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामाची वतनं रद्द झाली. घरातली म्हातारी माणसं म्हणायची, गाव बिघडलं. आमचा एक बैल मेला तेव्हा तो कुणी ओढायचा यावरून दोन दिवस खल चालला. अखेर घरच्याच पुरुषांनी रात्री गाडीला बांधून नेला. त्या दिवशी वाड्यातल्या कुणाला तरी पहिल्यांदा कळलं असेल की, त्या हाकेमागे किती जड काम होतं.

बहीण वर्गात शिकवताना आंबेडकरांचा एक विचार पुन्हा पुन्हा समजावून सांगायची. ही विषमता पायऱ्यापायऱ्यांची आहे. इथे सगळे वरचे एका बाजूला आणि सगळे खालचे दुसऱ्या बाजूला असं नसतं. प्रत्येकाच्या वर कुणी असतो आणि प्रत्येकाच्या खालीही कुणी असतो. म्हणून प्रत्येकाला आपली पायरी सांभाळायची असते, आणि सगळ्या पायऱ्या मोडायला कुणी एकत्र येत नाही. कोल्हापूरला शाहू महाराजांना वेदोक्त विधी नाकारले गेले. छत्रपती असूनही एका पायरीवर त्यांना अडवलं गेलं. त्यांनी मात्र तो अपमान स्वतःपुरता ठेवला नाही. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. आमच्या वाड्यात त्यांची तसबीर सोप्यात मधोमध होती. तसबिरीखाली पंगती मात्र आपापल्या ओळीनेच बसायच्या.

मधले काका साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात शिकले. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काले गावी सुरू झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात ते वसतिगृह निघालं. सगळ्या जातींची पोरं एका ओळीत जेवायची, एकत्र राबायची. पोरांची चूल पेटती राहावी म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. मधले काका हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज भरून यायचा. सुट्टीत घरी आले की मात्र तेही काही न बोलता ठरल्या पाटावर बसायचे. घर ही शाळेपेक्षा फार जुनी संस्था. तिथे नियम कुणी सांगत नाही, म्हणून मोडायचा कुठून, हेही कळत नाही.

आता आम्हा बायकांचं. जातीच्या शिडीवर आम्ही वरच्या बाजूला, आणि घराच्या शिडीवर शेवटच्या पायरीवर. पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग सुनांची, आणि त्यातही थोरल्या जावेने वाढून घेतल्याशिवाय धाकटीने ताट ओढायचं नाही. धाकट्या काकूच्या वाट्याला बहुतेक वेळा पातेल्याच्या तळचं कोरड्यास आणि गार भाकरी. तिने कधी तक्रार केली नाही, असं आम्ही पूर्वी कौतुकाने सांगायचो. आता ते कौतुक तोंडातून निघत नाही.

आणि एक उलटी गोष्ट. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, हातात पैसा खेळू लागला, तशा घरच्या बायका आणखी आत गेल्या. आजी तरुणपणी स्वतः पेरणीला, काढणीला रानात जायची, मैलभरावरून पाणी आणायची. तिच्या सुना रानात गेल्या नाहीत. ‘आमच्या बायका बांधावर दिसत नाहीत’ हे आता प्रतिष्ठेचं वाक्य झालं. म्हैसूरचे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं होतं की, वर चढू पाहणारी माणसं वरच्यांचे आचार उचलतात. आमच्या घराने उचललेल्या आचाराचं वजन बायकांच्याच डोक्यावर आलं. भरलेल्या कणग्या पुरुषांच्या, आणि त्यांच्या मोठेपणाची खूण म्हणून घरात कोंडलेल्या आम्ही.

आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन वाड्यात परत आली. शेजारच्या वस्तीतल्या घरांत अशा बाईचा पाट लागायचा, ती पुन्हा संसाराला लागायची. आमच्या कुळात पाट लावत नाहीत, असं सांगितलं जायचं, आणि तेही मानाचं. आंब्यांच्या अढीची किल्ली आत्याकडे असायची. पिकलेला पहिला आंबा ती न चुकता आमच्यातल्या सगळ्यात धाकटीला द्यायची. हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र ती सकाळपासून परड्यात काम काढायची. आंबेडकर पंचविशीत होते, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा मे १९१६ मध्ये त्यांनी जातीच्या उगमावर एक निबंध वाचला. जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, आणि ते टिकवायचं तर एकट्या उरलेल्या बाईवर बंधन घालावंच लागतं, सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांचा अर्थ तिथे आहे, असं त्यांनी मांडलं. बहिणीने हे सांगितलं तेव्हा सोप्यात कुणी बोललं नाही. आत्याचं नशीब म्हणून जे आम्ही इतकी वर्षं सांगत आलो, त्याचा हिशोब आत्याच्या जन्माआधीच कुणीतरी मांडून ठेवला होता. २०११-१२ च्या एका देशव्यापी पाहणीत जातीबाहेर लग्न केलेल्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास निघालं. आमच्या आठजणींच्या पोराबाळांत अशी दोन लग्नं झाली. एकाला सगळे गेलो. दुसऱ्याला, जिथे सून बौद्ध घरातली होती, तिथे निम्मे.

महिन्याचे ते दिवस आले की आम्ही मागच्या पडवीत. ताट वेगळं, तांब्या वेगळा, घोंगडीही वेगळी, आणि पाणी वरून ओतलेलं. ज्या अंतरावरून आजी येसकराला भाकरी सोडायची, त्याच अंतरावरून ती आम्हाला सोडायची. हे अंतर सारखं होतं, पण प्रसंग सारखा नव्हता, हे इथे मुद्दाम लिहिते. आम्ही चौथ्या दिवशी न्हाऊन आत जायचो. ज्यांच्यासाठी चौथा दिवस कधी उगवत नव्हता, त्यांच्या दुःखाशी आमचं दुःख जोडून मोकळं होता येत नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी नववीत होते. विहिरीचा तळ दिसला, बळदातली ज्वारी संपली. घरात रेशनचा तांबडा मिलो आला आणि शाळेत सुकडी. अमेरिकेतून आलेल्या त्या मिलोच्या भाकरीला चव नव्हती आणि ती परातीत थापताना तुटायची. पाझर तलावाचं काम निघालं. एके सकाळी थोरल्या काकू आणि माझी आई तोंडावर पदर ओढून, डोळे तेवढे उघडे ठेवून, मागच्या दाराने कामावर गेल्या. ज्या बायका कधी ढेलजेपुढे पायी गेल्या नव्हत्या, त्या मुकादमापुढे ओळीत उभ्या राहिल्या. हजेरीपटावर काकूंच्या नावाखाली केरसुणीवाल्या बाईचं नाव होतं. खडी फोडून ढीग लावायचा, मोजणी व्हायची, ढिगाप्रमाणे पैसे. काकूंचा ढीग छोटा, तिचा मोठा. आठवड्याच्या पगाराला तिला जास्त मिळाले. काकूंनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्या रागावलेल्या नव्हत्या. ‘‘तिने मला हातोडी कशी धरायची ते दाखवलं,’’ एवढंच म्हणाल्या. सुरुवातीला पाण्याच्या घागरी वेगळ्या होत्या. उन्हाळा चढला, टँकर उशिरा यायला लागला, मग एकच पिंप उरलं.

वि. स. पागे यांनी पुढे रेटलेली रोजगार हमीची कल्पना, तिचा १९७७ चा कायदा, तो १९७९ पासून लागू झाला, हे सगळं नंतर वाचलं. पण कामाला ठरलेला दर असणं म्हणजे काय, ते त्या तलावावर दिसलं. आजोबांच्या खळ्यावर जे कधी नव्हतं ते तिथे होतं. दर, मोजणी आणि बाईच्या हातात पैसे. दुष्काळ सरल्यावर भांगलणीला बाया बोलवायला गेलेल्या काकांना पहिल्यांदाच दर विचारला गेला. केरसुणीवाल्या बाईने त्या दिवाळीला केरसुण्या आणल्या त्या पैसे हातात घेऊनच दिल्या, आणि काकूंनी ते तिच्या हातातच ठेवले. दिवळीतला कप कधी नाहीसा झाला ते आमच्यातल्या कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतं गावात एसटी स्टँडजवळ हॉटेल निघालं तेव्हा, कुणी म्हणतं बाया चहाच प्यायच्या बंद झाल्या तेव्हा. आमच्या घराने तो आपण होऊन उचलला, असं मात्र एकही जण म्हणत नाही.

काही बहिणींना हे सगळं काढलेलं आवडत नाही. ठाण्याची म्हणते, ‘‘आजीने कुणाला उपाशी पाठवलं नाही, तेही लिही.’’ लिहिते. आजीने खरंच कुणाला उपाशी पाठवलं नाही. तिची माया खरी होती आणि तिने राखलेलं अंतरही. माया आहे म्हणून अंतर दिसत नव्हतं, आणि अंतर आहे तोवर माया सोपी होती. आजीवर माझं आजही तितकंच प्रेम आहे. पण वाड्याच्या आठवणी आम्ही ज्या जागी बसून सांगतो, त्या जागेपर्यंत ज्यांना येताच आलं नाही, त्यांची आठवण निराळी असणार. ती ऐकल्याशिवाय आमची पुरी होत नाही. केरसुणीवाल्या बाईची नात तालुक्याला शिक्षिका आहे. गेल्या जत्रेत ती भेटली. वाड्याबद्दल तिच्या आजीने काय सांगितलं होतं, असं विचारलं, तर म्हणाली, ‘‘दिंडीला तिसरी फळी नवी होती, ती उन्हात चमकायची.’’ आतून आम्ही ती फळी कधी पाहिली नव्हती.

आता वाड्याचा आणि जमिनीचा प्रश्न निघाला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशभरात बायकांच्या नावावरची वहिवाट सुमारे १४ टक्के निघाली. यामागचं कारण कुठल्याही गावात दिसेल. वडील गेले की सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणींची नावं लागतात आणि तेराव्यानंतर हक्कसोडीचा कागद पुढे येतो. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते, आणि भाऊ तिला साडीचोळी करतो. आमच्या आया-आत्यांनी हेच केलं, आमच्यातल्या पाचजणींनीही केलं. यंदा भावांनी उरलेल्या तिघींसाठी कागद तयार ठेवले होते. सोप्यात बसवलं, चहा दिला, प्रेमाने बोलले. बडोद्याची म्हणाली, ‘‘आम्ही हिस्सा घेणार, आणि घेतला की ज्यांनी या रानात पिढ्यान्‌पिढ्या दराशिवाय काम केलं, त्यांचं काय, हेही याच सोप्यात बसून बोलणार.’’ थोरल्या भावाने कागद घडी करून खिशात ठेवले. आम्ही तिघींनी सही केलेली नाही.